पाण्याचा माग काढणारे सर

वाशीमहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मला खोली मिळाली. घरमालक इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. आजूबाजूचे सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणू लागले. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला जेवणाखाण्याचं विचारलं नाही, घरी परत यायची वेळ विचारली नाही. समोर बसवून म्हणाले, "तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?"

"आठ-दहा दिवसांतून एकदा."

"आणि कुठून येतं?"

"धरणातून," मी म्हटलं.

"आणि धरणात कुठून येतं?"

मी जरा विचार केला आणि माहीत नाही म्हणून सांगितलं.

"माहीत नाही म्हणालात, बरं केलंत. बहुतेक लोक काहीतरी सांगतात. सामान कधी आणताय?"

आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज आला, "अहो, आधी त्यांना खोली तरी दाखवा."

मी विश्रांतवाडीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचं काम करत होते. हे कळलं तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने हरवलेल्या चुलत भावाकडे पाहावं. त्यांचा विषयच तो होता. नदीत किंवा ओढ्यात घाण सापडली, तर ती कुठून आणि केव्हा आत पडली हे खालच्या पाण्यावरून गणिताने शोधून काढायचं. कॉलेजात असताना त्यांनी हे कागदावर केलं होतं. निवृत्त झाल्यावर ते पाण्यापाशी जाऊन करू लागले.

सरांचं डोकं नेहमी परिणामाकडून कारणाकडे चालायचं. जिन्यात पावलांचे ठसे दिसले तर कोण कधी वर गेलं हे सांगितल्याशिवाय ते पुढची पायरी चढत नसत. जेवताना पहिला घास घेऊन म्हणत, "आज कुकरला एक शिट्टी जास्त झाली."

"झाली," काकू म्हणत. "आणि ती का झाली? तुम्ही तिथेच बसला होतात आणि उठला नाहीत म्हणून."

सर यावर मान डोलवत. कारण सापडलं की ते कुणाच्या बाजूचं आहे याची त्यांना फिकीर नसे.

आपलं काम त्यांनी मला एका दुपारी समजावून सांगितलं. लग्नाच्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते आकडेमोड करत. तशीच एक पत्रिका उलटी करून त्यांनी तिच्यावर एक रेघ ओढली.

"हा ओढा. वर कुठेतरी कुणी बादलीभर रंग ओतला. तुम्ही खाली पुलावर उभ्या आहात. आधी पाणी स्वच्छ. मग रंग हळूहळू वाढतो, भरात येतो, मग उतरतो. त्याचा आलेख काढला तर काय दिसेल?"

"उंचवटा."

"आता ऐका. रंग जवळून आला असेल तर उंचवटा टोकदार दिसतो. लांबून आला असेल तर वाटेत पसरत आलेला असतो, म्हणून उंचवटा बसका होतो. किती बसका आहे आणि पाणी किती वेगाने वाहतं, एवढं कळलं की मागे मागे जाता येतं. पाणी चुगली करतं हो. फक्त उशिरा करतं, आणि तोंडातल्या तोंडात करतं."

पाण्याचा वेग मोजायला ते लिंबं वापरत. लिंबू जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी मी पुढच्या पुलावर फोन घेऊन उभी आणि सर मागच्या पुलावर पिशवीभर लिंबं घेऊन. ती सकाळ अमावास्येची आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. पाचवं लिंबू पडेपर्यंत पुलावर दहा-पंधरा माणसं जमली. मला फोनवर सगळं ऐकू येत होतं. एक हवालदारही आले.

"आजोबा, कुणासाठी टाकताय?"

"पाण्यासाठी."

"ते दिसतंय. कशापायी?"

"पुढच्या पुलापर्यंत जायला किती वेळ लागतो ते बघतोय."

"मग किती लागतो?"

"तुम्ही बोलायला लागलात आणि माझं घड्याळ बघायचं राहिलं. आता पुन्हा टाकावं लागेल."

मग हवालदारांचा आवाज आला, "टाका. घड्याळ मी बघतो." उरलेल्या सगळ्या लिंबांच्या वेळा त्यांनी सेकंदासकट सांगितल्या. सरांनी त्या वहीत लिहिल्या आणि पुढे कंसात 'हवालदार' असंही लिहिलं. कुठलाही आकडा कुणी पाहिला, हे लिहिल्याशिवाय तो त्यांच्या लेखी आकडाच नव्हता.

सरांची एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस उलगडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गव्हाचा डबा घेऊन बसने कात्रजच्या पुढे दळायला जात. आमच्या इमारतीच्या खालीच गिरणी होती. मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या गिरणीचं पीठ चांगलं असतं म्हणतात." मग पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मला तर फरक कळत नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे सर कधी कुणाचं नाव घेत नसत. सोसायट्यांचे लोक येत, वर्तमानपत्रातला एखादा येई. ओढ्यात घाण कोण सोडतं ते सांगा म्हणत. सर म्हणत, "माझ्याकडे नाव नसतं. माझ्याकडे अंतर असतं. तेही इथपासून इथपर्यंत, असं." लोक वैतागून जात. मलाही कधी कधी वाटे, एवढं गणित करून शेवटी माणूस बोट दाखवत नसेल तर उपयोग काय. एकदा मी तसं म्हटलं. सर म्हणाले, "गणित सुटलं म्हणजे उत्तर खरं निघालं असं नाही. नुसतं सुटलं, एवढंच."

त्या वर्षी थंडी सरता सरता कात्रजच्या बाजूच्या एका ओढ्याला सकाळी फेस यायला लागला. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं. ओढ्याकाठी एक बालवाडी होती. मुलांचे डोळे चुरचुरू लागले, दोघांना उलट्या झाल्या, आणि बाईंनी बालवाडी बंद केली. तिथल्या वॉर्ड कचेरीतल्या तरुण इंजिनिअर बाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी सरांना बोलावलं आणि सरांनी मला.

आम्ही तीन सकाळी पुलावर उभे राहिलो. दर दहा मिनिटांनी बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, मी छोटं यंत्र त्यात बुडवून आकडा वाचायचा, सरांनी लिहायचा. बाटल्या भरून मी प्रयोगशाळेत नेत होते. तिन्ही दिवशी आलेख सारखाच आला, एक रुंद, बसका उंचवटा. सरांनी मागे मागे मोजत उत्तर काढलं आणि गणित बिनचूक सुटलं. ते जिथे येऊन थांबलं, तिथे ओढ्याच्या अगदी काठावर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारं एक पत्र्याचं शेड होतं.

शेड एका नवराबायकोचं होतं. लोकांना आधीपासून त्यांच्यावरच संशय होता, कारण ते बाहेरचे आणि शेडसमोर दोन निळी पिंपं ठेवलेली. मी पाण्याचा नमुना घ्यायला तिथे गेले तेव्हा ती बाई बाहेर आली. बोलणं ऐकताच कळलं, आमच्याच भागातली होती.

"ताई, आमचं नाव आलं काय जी त्याच्यात?"

मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. ती म्हणाली, "आमी तर चुना अन् पावडर वापरतो. पिंपात प्यायचं पाणी हाय. पाहून घ्या." तिने झाकण उघडून दाखवलं, आणि मी विचारायच्या आतच एक पेला भरून स्वतः प्यायली.

कचेरीत बैठक झाली. बालवाडीतल्या मुलांचे आईवडील, आजूबाजूचे दुकानदार, सगळे आले होते. इंजिनिअर बाईंनी विचारलं, "सर, उत्तर आलंय ना? मला जागा सांगा, मी आजच सील करते."

"उत्तर आलंय," सर म्हणाले. "पण मी ते सांगणार नाही. मला अजून मोजायचंय."

मागून एक जण म्हणाला, "आमची पोरं आजारी पडतायत आणि हे मोजतायत."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "चार दिवस द्या."

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मग त्यांनी मला सांगितलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी ह्याच ओढ्याला रंगीत पाणी येत होतं. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि पहिल्यांदाच खऱ्या पाण्यावर गणित करत होते. असाच रुंद, बसका उंचवटा आला होता. त्यांनी एकच जागा धरून गणित केलं, आणि उत्तर सूत रंगवणाऱ्या एका शेडपाशी आलं. कागद कचेरीला दिला, दुसऱ्या आठवड्यात शेडला टाळं लागलं. पेपरात फोटो आला.

"आणि दोन महिन्यांनी," सर म्हणाले, "मी सहज पुलावर गेलो. तोच आलेख पुन्हा आला, अगदी तसाच. शेड बंद आणि रंग चालू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रंग दोन ठिकाणांहून येत होता. एक लांबून, एक जवळून. लांबचा उंचवटा बसका, जवळचा टोकदार, पुलापर्यंत येता येता ते एकमेकांत मिसळायचे आणि एकच दिसायचे. मी दोन्हींच्या मधली जागा काढली होती. तिथे तो माणूस होता. इतकाच त्याचा गुन्हा."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कचेरीत सांगितलं. ते म्हणाले, फाईल बंद झाली. मी परत गेलो नाही." ते बाहेर बघत म्हणाले, "एकदा गेलो, दुसऱ्यांदा गेलो नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे."

त्या माणसाने पुढे पिठाची गिरणी टाकली होती. दळण तिथे का जातं, ते मला तेव्हा कळलं. आणि इतक्या वर्षांत सरांनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, हेही. त्याच्या लेखी ते दूरच्या पेठेतून येणारे एक विक्षिप्त गिऱ्हाईक होते.

आता मात्र त्याच्याकडे हे सांगायला जाणं भाग होतं. दोन उंचवटे वेगळे दिसायला हवे असतील तर ओढ्यावर जितकं वर जाऊन मोजता येईल तितकं बरं, कारण तिथे ते अजून मिसळलेले नसतात. पण वरचा ओढा स्लॅब टाकून झाकलेला होता, त्यावर रस्ता आणि दुकानं. तो कुठे उघडा आहे, त्याला आतून काय येऊन मिळतं, हे कुठल्याच नकाशात नव्हतं. माहीत असेल तर त्याच्या काठावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला. ओढ्याकाठचं ते गाव शहराच्या हद्दीत आलं त्याआधी गिरणीवाल्यांची शेती तिथेच होती.

आम्ही गेलो तो वार बुधवार होता. सरांच्या हातात डबा नव्हता. गिरणीवाले साठीचे, अंगावर पिठाचा पांढरा थर. त्यांनी आधी सरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आज मधीच? अन् दळण कुठं हाय?"

"आज दळायला नाही आलो," सर म्हणाले. "तुमचं शेड माझ्या गणितामुळे बंद झालं. गणित चुकीचं होतं. मला ते दोन महिन्यांनी कळलं होतं."

गिरणीवाल्यांनी बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. त्यांनी पिठाचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दोन म्हयन्यांनी."

"हो."

"अन् तवापास्नं तुमी माझ्याकडं पीठ न्यायला येताय."

"हो."

"ते कागुद हायत?"

सरांनी पिशवीतून जुना आलेख काढला. गिरणीवाल्यांनी हात झटकून तो घेतला आणि उजेडाला धरला. सरांनी पेन्सिलीने त्या एका उंचवट्याच्या आत दोन वेगळे उंचवटे काढून दाखवले. हा लांबचा, हा जवळचा.

"ह्यात मी कुठं हाय?"

सरांनी दोन्हींच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे. जिथे काहीच नव्हतं."

गिरणीवाले त्या बोटाकडे बघत राहिले. नंतर शांत आवाजात म्हणाले, "माझ्या आयला गावात दोन वर्सं कुनी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई. म्हनायचे, हिच्या पोरानं वढा नासवला. माझा बाप त्याच वढ्यावर पानी धरायचा."

सरांनी माफी मागितली नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. नंतर वाटलं, माफी मागितली असती तर उत्तर द्यायची जबाबदारी त्या माणसावर पडली असती.

मग सरांनी बालवाडीचं सांगितलं, पॉलिशच्या शेडचं सांगितलं, आणि पुन्हा तसाच आलेख आलाय हे सांगितलं. गिरणीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्यासाठी यायचा न्हाई मी," ते म्हणाले. "पोरांसाठी येतो. अन् झालं की माझं येक काम करायचं. ते मग सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार घेऊन आले. स्लॅबला कुठे कुठे झाकणं आहेत ते त्यांनी पावलं मोजून दाखवलं. दोन झाकणांवर माती बसली होती, ती त्यांनी स्वतः उचकटली. एका नव्या इमारतीच्या भिंतीमागे थांबून म्हणाले, "हितं आमच्या शेताचा पाट व्हता. भिंत बांधली, पन पाट बुजिवला नसंल. पान्याला वाट लागतीच." खरंच, भिंतीच्या बुडाशी जमिनीखालून तो पाट जिवंत होता आणि ओढ्यात उतरत होता.

आम्ही पाच जागी माणसं उभी केली. इंजिनिअर बाई एका झाकणापाशी, बालवाडीच्या बाई दुसऱ्या, पॉलिशवाल्या बाईंचे यजमान तिसऱ्या, पाटाच्या तोंडाशी गिरणीवाले आणि पुलावर मी. सर मधे फिरत होते. दोन सकाळी मोजल्यावर आकडे मांडले. खालून वर जाताना तो रुंद उंचवटा आधी माथ्यावर खोलगट झाला, मग दुभंगला आणि वरच्या झाकणापाशी एकच उरला. सर त्या कागदाकडे बघत होते आणि गिरणीवाले सरांकडे.

सर्वांत वरच्या झाकणापाशी पहाटे एक टँकर रिकामा होत होता. आणि पाटाच्या तोंडातून येत होतं ते भिंतीपलीकडच्या गोडाऊनमधलं पाणी. तिथे रसायनांची रिकामी पिंपं धुऊन विकत. मधल्या शेडचा कशाशीच संबंध नव्हता. गोडाऊन बंद झालं. टँकर पकडला गेला नाही, पण तिथे यायचा थांबला. तो आता कुठे जातो हे आम्हाला कळलं नाही, आणि सरांना ते फार लागलं. बालवाडी मात्र पंधरा दिवसांत सुरू झाली.

मग गिरणीवाल्यांनी आपलं काम सांगितलं. सरांनी जे त्यांना गिरणीत सांगितलं, ते गावाच्या समाजमंदिरात, सगळ्यांसमोर सांगायचं.

सरांनी आठवडाभर एकच पान लिहिलं आणि खोडलं. काकू म्हणाल्या, "एवढा वेळ तुम्ही आपल्या लग्नाला होकार द्यायलाही लावला नव्हता." पण ते जायला निघाले तेव्हा त्याही साडी बदलून बरोबर निघाल्या.

समाजमंदिरात पन्नास-साठ माणसं होती. त्यातली बरीच आता बंगल्यांत राहणारी, जमिनी विकून धंद्याला लागलेली. काही जण ते सगळं विसरूनही गेले होते. पुढे सतरंजीवर गिरणीवाल्यांची म्हातारी आई बसली होती. सर उभे राहिले आणि वाचू लागले. मी कोण, मी काय मोजलं, काय गृहीत धरलं, ते का चूक होतं. चूक कधी कळली, आणि कळल्यावर मी काय केलं नाही. ह्या घराने ओढा कधीच नासवला नव्हता. आवाज त्यांचा वर्गात शिकवल्यासारखाच सपाट होता. वाचून झाल्यावर त्याची एक प्रत त्यांनी इंजिनिअर बाईंना दिली, कचेरीच्या फाईलला लावायला.

गिरणीवाले खांबाला टेकून खाली बघत होते. एक-दोघं उठायला लागले.

तेवढ्यात म्हातारीने हात वर केला.

"मास्तर," ती म्हणाली, "परत वाचा. मागं बसल्यात त्यांना नीट ऐकू गेलं नसंल."

उठलेले पुन्हा बसले. सरांनी चष्मा काढून पुसला, दोन पावलं पुढे आले, आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, पुन्हा वाचायला सुरुवात केली.